प्लेस्टेशन ४ वीस मिनिटांत तापत होता, पेस्ट बदलल्यावर चार मिनिटांतच तापू लागला

शुक्रवारपेठी

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे २०१५ साली घेतलेला प्लेस्टेशन ४ हा खेळाचा कन्सोल आहे. पहिली सहा-सात वर्षे त्याने कसलीही तक्रार केली नाही. नंतर पंख्याचा आवाज हळूहळू वाढत गेला आणि गेल्या उन्हाळ्यात तो इतका वाढला की, दिवाणखान्यात कोणी मिक्सर लावला आहे काय, असे शेजारच्या काकूंनी विचारले. या वर्षी मार्चपासून खेळ सुरू केल्यावर साधारण वीस मिनिटांत, कन्सोल फार तापला असून तो बंद करून थंड होऊ द्यावा, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. सूचना झाकून खेळत राहिल्यास थोड्या वेळाने तो स्वतःच बंद होत असे.

यात यंत्राचा दोष कमी आणि माझा अधिक आहे, हे आधीच कबूल करतो. कन्सोल ठेवला होता तो टीव्हीखालच्या कपाटात. पुढे काचेचे दार, मागे सनमायका लावलेली फळी आणि वायरींसाठी सुताराने पाडलेले एकच छिद्र. मुलगी खेळताना दार उघडे ठेवायची, मी मात्र आवाज कमी यावा म्हणून ते लावून घ्यायचो.

वॉरंटी केव्हाच संपली असल्याने मागच्या रविवारी मी तो उघडला. पंख्याच्या पलीकडे हीट सिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांवर धुळीचा थर होता. थर म्हणण्यापेक्षा तो गोधडीच्या अस्तरासारखा एकसंध तुकडा होता आणि चिमट्याने धरल्यावर अखंड निघाला. तो काढल्यावर खरे तर तिथेच थांबायला हवे होते. पण इतके उघडलेच आहे तर चिप आणि हीट सिंक यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्टही बदलावी, असे वाटले. मुख्य चिपवरची जुनी पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. मेमरी चिपांवरचे मऊ पॅड काढताना फाटले, म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीतून नवे पॅड आणून बसवले आणि सर्व पुन्हा जोडले.

आता कन्सोल सुरू होतो, चित्र येते, पंखाही फिरतो. परंतु चौथ्याच मिनिटाला तीच सूचना येते. म्हणजे दुरुस्तीपूर्वी तो पाचपट बरा होता. चिप जळाली असेल काय? की पेस्ट निकृष्ट निघाली? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वर्कबेंच

तुम्ही क्रमाने आणि काहीही न लपवता लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. मी कोल्हापुरात बावीस वर्षे टीव्ही आणि इतर घरगुती उपकरणे दुरुस्त करतो. गेली काही वर्षे कन्सोलही येतात. प्रथम एक विनंती: कारण कळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. चिप जळालेली नाही. जळाली असती तर चित्रच आले नसते, आणि आपण तापलो आहोत हे सांगण्याइतके भानही तिला राहिले नसते.

चार गोष्टी सांगा. एक, पेस्ट किती आणि कशी लावली? दोन, हीट सिंकची पकड बसवताना स्क्रू कोणत्या क्रमाने आवळले? तीन, नव्या पॅडची जाडी किती? आणि चौथी, जी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे: सूचना येते त्या क्षणी कन्सोलच्या मागे हात धरला, तर बाहेर पडणारी हवा कशी लागते? कढत, कोमट की गार? एवढ्यासाठी शेवटचे एकदा सुरू केले तरी चालेल.

निवांत

माझा अनुभव सांगतो. माझ्या मावसभावाचा जुना एक्सबॉक्स ३६० असाच बंद पडला होता. त्याने तो टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटे चालू ठेवला, खूप तापू दिला, आणि नंतर तो चक्क सुरू झाला. काही जण बोर्डावर हेअर ड्रायर मारतात, काही तर बोर्ड ओव्हनमध्ये ठेवतात. आतले सुटलेले डाख (सोल्डर) त्यामुळे पुन्हा वितळून जुळतात, असे ऐकले आहे. पेस्ट हाताशी नसेल तर टूथपेस्टही चालते, असे कुठेतरी वाचले होते. करून पाहायला हरकत नसावी.

सांधा

निवांत, हरकत आहे, आणि बरीच आहे. माझा व्यवसायच डाखकामाशी संबंधित असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आला. पुढच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागून बंद पडणारे कन्सोल इतके वाढले की, मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. त्या काळात युरोपातील नियमांमुळे सर्वच उद्योग शिसेविरहित डाखाकडे वळत होता, म्हणून दोष डाखाचा आहे असे लोकांनी गृहीत धरले आणि टॉवेलचा उपाय त्यातूनच रूढ झाला. पुढे कंपनीच्याच अभियंत्यांनी सांगितले की, वारंवार तापणे आणि थंड होणे यांमुळे घटकांच्या आतल्या जोडण्या तडकत होत्या.

आता वितळण्याचे पाहू. शिसेयुक्त डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर प्रचलित शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना. टॉवेलमध्ये गुंडाळलेला कन्सोल या तापमानाच्या जवळपासही जात नाही. मग तो सुरू का होतो? उष्णतेने सर्व घटक किंचित प्रसरण पावतात आणि तडकलेली जोडणी काही काळ पुन्हा टेकते, एवढेच. काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी ती पुन्हा सुटते, आणि मधल्या काळात शेजारच्या कपॅसिटरांचे (वीज साठवणाऱ्या भागांचे) आयुष्य तुम्ही विनाकारण कमी केलेले असते. ज्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजला, त्यात पुन्हा नानकटाई करू नये, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे असे की, तो बिघाड आणि शुक्रवारपेठी यांचा बिघाड यांचा काडीमात्र संबंध नाही. यांचे यंत्र सुरू होते, चित्र दाखवते आणि तापल्याची तक्रार करते. म्हणजे जोडण्या शाबूत आहेत. उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. तापणाऱ्या यंत्रावर उपाय म्हणून त्याला अधिक तापवणे, हा तर्क मला कधीच कळलेला नाही.

टूथपेस्टबद्दल एवढेच: तिच्यात पाणी असते, म्हणून पहिले काही तास ती उत्तम वाटते. पाणी उडून गेले की चिपवर खडूची भुकटी उरते.

शुक्रवारपेठी

वर्कबेंच, आपण विचारलेली माहिती देतो. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी ठिपक्यासारखी मध्यभागी ठेवली. दाबाने ती पसरेल अशी अपेक्षा होती. पकडीचा एक स्क्रू पूर्ण आवळला आणि मग दुसरा. पॅड दीड मिलिमीटर जाडीचे आहेत. दुकानात तेच शिल्लक होते आणि ते सगळ्याला चालतात, असे सांगण्यात आले. जुने पॅड मी मोजले नव्हते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मलाच चमत्कारिक वाटले. पंखा पूर्ण वेगाने ओरडत होता, पडद्यावर तापल्याची सूचना होती, आणि मागून येणारी हवा जवळजवळ गार होती. धूळ काढण्यापूर्वी मात्र तिथून थोडीच पण तोंडावर वाफ यावी अशी कढत हवा येत असे.

वर्कबेंच

मला हेच हवे होते. यात चमत्कारिक काहीही नाही.

चिपमधली उष्णता दोन टप्प्यांत बाहेर जाते. पहिला टप्पा चिपपासून हीट सिंकच्या धातूपर्यंतचा आणि दुसरा त्या धातूपासून हवेपर्यंतचा. पंखा किती वेगाने फिरवायचा हे चिपच्या तापमानावरून ठरते, त्यामुळे नुसता आवाज ऐकून कोणता टप्पा अडला आहे हे कळत नाही. ते हवेवरून कळते. हवा थोडी आणि कढत असेल, तर उष्णता धातूपर्यंत पोचते आहे पण धुळीमुळे पुढे जात नाही. हवा भरपूर आणि गार असेल, तर उष्णता धातूपर्यंत पोचतच नाही. पूर्वी तुमचा दुसरा टप्पा अडला होता. तो तुम्ही मोकळा केलात आणि पहिला बिघडवलात.

माझा संशय पॅडवर आहे. मेमरीवरच्या पॅडची जाडी अशी ठरवलेली असते की, त्यांच्यावर धातूचे आवरण टेकल्यावर मधल्या मुख्य चिपवर हीट सिंक बरोबर बसावा. तुम्ही जाड पॅड घातल्यामुळे आवरण वर उचलले गेले असणार आणि हीट सिंक मुख्य चिपवर पूर्ण टेकतच नसणार. एक स्क्रू आधी पूर्ण आवळल्याने तो एका बाजूला कलला असेल, हा त्यात भर घालणारा दोष.

खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. पुन्हा उघडा आणि हीट सिंक सरळ वर उचला. सरकवू किंवा फिरवू नका. मग चिपवर आणि हीट सिंकच्या तळावर पेस्टचा ठसा कसा पडला आहे ते पाहा. ठसा खोटे बोलत नाही.

सांधा

वर्कबेंच यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार देते, म्हणजे थोड्याशा फटीने इतका फरक कसा पडतो हे लक्षात येईल.

प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या आवृत्तीत मुख्य चिपचा सिलिकॉनचा तुकडा ३४८ चौरस मिलिमीटरचा आहे, म्हणजे जेमतेम साडेतीन चौरस सेंटीमीटर. खेळ चालू असताना संपूर्ण कन्सोल सुमारे १४० वॅट वीज घेतो. जुन्या पद्धतीचे छताचे दोन पंखे चालावेत एवढी ही वीज आहे आणि शेवटी तिची उष्णताच होते. त्यातला मोठा वाटा या एका तुकड्यातून बाहेर पडतो. गणितासाठी ८० वॅट धरू.

उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याची सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन असते, बऱ्यापैकी पेस्टची ५ च्या आसपास आणि हवेची ०.०२६. पेस्ट हवेच्या मानाने फार चांगली आहे, पण धातूच्या मानाने अगदीच सामान्य आहे. म्हणून तिने फक्त पृष्ठभागावरचे डोळ्यांना न दिसणारे खळगे भरावेत आणि बाकी ठिकाणी धातूला जागा द्यावी, अशी अपेक्षा असते. पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटरचा असेल, तर त्यातून ८० वॅट जाताना तापमानात सव्वादोन अंशांचा फरक पडतो. तोच थर अर्ध्या मिलिमीटरचा झाला तर फरक तेवीस अंशांचा होतो. मध्ये हवेची फट राहिली, तर एक दशांश मिलिमीटरलाच हे गणित कित्येक शे अंशांवर जाते. अर्थात तेवढे तापण्यापूर्वीच यंत्र स्वतःला बंद करते, म्हणूनच तुमची चार मिनिटे.

वैदर्भीय

चर्चा उत्तम चालली आहे, थोडे विषयांतर वाटले तरी एक मुद्दा मांडते. मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि दुपारी घरातही ३८-३९ होतात. कन्सोलच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ५ ते ३५ अंश हे खोलीचे तापमान दिले आहे आणि भिंतीपासून १० सेंटीमीटर अंतर ठेवावे, असेही म्हटले आहे. म्हणजे आमच्या दुपारी पुस्तिकेच्या हिशेबातच बसत नाहीत. आम्ही घरात नियमच केला आहे की, एप्रिल ते जून या काळात खेळ सकाळी नऊच्या आत किंवा रात्री नऊनंतर.

मागच्या वर्षी माझ्या मुलाने यावर एक युक्ती काढली. त्याने कन्सोल कूलरच्या समोर ठेवला. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा थेट त्याच्या पोटात जात होती आणि पंखा खरोखरच शांत झाला. पंधरा दिवसांनी मी सहज मागच्या जाळीवरून बोट फिरवले, तर बोटाला ओलसर, मातीसारखा लेप लागला. कूलरच्या हवेतली ओल आणि आमच्याकडची धूळ यांचा चिखल झाला होता. तो ब्लोअरने निघेना. शेवटी दात घासायच्या जुन्या ब्रशला अल्कोहोल लावून पात्यान्‌पाते पुसावे लागले.

वर्कबेंच

वैदर्भीय, हे विषयांतर मुळीच नाही. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकीच चिपही वर सरकते. पुण्यात २८ अंशांच्या खोलीत निभावून जाणारा कन्सोल तुमच्या ४० अंशांच्या खोलीत बारा अंश अधिक तापलेला असतो. ज्याची धूळ साफ आहे तो ते सोसतो, ज्याची नाही तो बंद पडतो. म्हणूनच माझ्याकडे तापणारे कन्सोल मार्चमध्ये येऊ लागतात आणि पहिल्या पावसानंतर थांबतात. पावसाळ्यात वेगळे गिऱ्हाईक येते: आतल्या उबेला आलेली झुरळे. वीजपुरवठ्याचा डबा त्यांना फार आवडतो.

शुक्रवारपेठी

काल रात्री पुन्हा उघडला. ठसा पाहिला आणि आपले म्हणणे शब्दशः पटले.

चिपच्या एका कोपऱ्यात पेस्ट पातळ, जवळजवळ पारदर्शक झाली होती. तिथे धातू टेकला होता. तिथून मध्याकडे जावे तसा थर जाड होत गेला होता. मधोमध मी ठेवलेला ठिपका अर्धवट चेपून, वर टोक आलेल्या मोदकासारखा तसाच उभा होता. समोरच्या कोपऱ्याकडे हीट सिंकच्या तळावर पेस्टचा डागसुद्धा नव्हता, तांबे लख्ख होते. म्हणजे साडेतीन चौरस सेंटीमीटरांपैकी जेमतेम एक तृतीयांश भाग टेकत होता आणि बाकीच्या ठिकाणी हवा होती.

फाटलेले जुने पॅड सुदैवाने कचऱ्याच्या पिशवीत सापडले. ते आता कसे मोजू? दाबले गेल्यामुळे ते चपटे झाले आहेत आणि त्यांच्यावर चिपचा चौकोनी खळगा उमटला आहे.

वर्कबेंच

खळगा मोजू नका. चिपच्या बाहेर आलेली जी कड दाबली गेलेली नाही, तिथे व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) हलकेच टेकवून जाडी पाहा. चार-पाच ठिकाणी मोजा आणि तितक्याच जाडीचे, बोटाने सहज दबणारे पॅड आणा. मी इथे आकडा मुद्दाम देत नाही, कारण याच कन्सोलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत आतली रचना वेगळी आहे आणि माझा आकडा वाचून दुसरा कोणीतरी तुमच्यासारखाच अडकेल. नेमकी जाडी मिळाली नाही, तर थोडा पातळ पॅड घेऊन त्या जागी टेकतो का ते पाहावे. जाड मात्र घेऊ नये. सगळ्याला चालतो असा पॅड अस्तित्वात नाही.

पेस्टच्या बाबतीत माझे मत असे की, संगणकाच्या प्रोसेसरवर धातूची टोपी असते, तिथे मधला ठिपका चालून जातो. इथे सिलिकॉन उघडे आहे. कोपरा कोरडा राहिला तर तो कोपरा भाजतो. म्हणून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ थर संपूर्ण तुकड्यावर पसरवा. खालचा काळा चकाकता पृष्ठभाग दिसेनासा झाला की पुरे. स्क्रू आवळताना एकाला दोन आटे, मग समोरच्याला दोन आटे, असे आलटून पालटून जा. उघड्या सिलिकॉनची कड ठिसूळ असते. एका बाजूने दाबल्यास टवका उडतो आणि मग मात्र खरोखरच काही करता येत नाही.

निवांत

सांधा यांचे स्पष्टीकरण पटले, टॉवेलचा सल्ला मागे घेतो. आता माझाही कन्सोल उघडायची इच्छा होते आहे. पण शॉक बसण्याची भीती वाटते. आणि धूळ काढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

वर्कबेंच

भीती योग्य आहे, ती सोडू नका. या कन्सोलचा वीजपुरवठा आतच एका बंद डब्यात असतो. भिंतीतले २३० व्होल्ट त्यात सरळ करून साठवले जातात आणि साठवणाऱ्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट असतात. वायर काढल्यावरही काही वेळ ते तिथे राहू शकतात. म्हणून सर्व वायरी काढून कन्सोल निदान अर्धा तास ठेवून द्यावा आणि नंतर तो डबा न उघडता अखंड बाहेर काढावा. काढताना सरळ वर उचलावा, कारण तो उभ्या टोकांनी मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. उचलला की लगेच ओढू नका, खाली एक छोटी केबलही अडकवलेली असते. डब्याच्या आत झुरळ दिसले तरी तो घरी उघडू नये. जाळीतून ब्रश फिरेल तेवढाच फिरवावा.

मागचे स्क्रू तारेच्या आकाराचे असून मध्ये छिद्र असलेले, टी-८ सिक्युरिटी प्रकारचे असतात. त्यांना साधा स्क्रूड्रायव्हर घुसवून डोकी खराब केलेली दर महिन्याला पाहतो. ते हत्यार मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. आतल्या पट्टीसारख्या रिबन केबल ओढून काढायच्या नसतात. बहुतेक ठिकाणी एक बारीक झडप असते, ती नखाने उचलली की केबल आपोआप सुटते. डिस्क ड्राइव्हच्या बोर्डाबद्दल एक सूचना विशेष लक्षात ठेवा. तो बोर्ड आणि मुख्य बोर्ड यांची कारखान्यातच जोडी लावलेली असते. दोन मित्रांनी दोन कन्सोल एकाच टेबलावर उघडून हे बोर्ड अदलाबदल केले, तर दोघांच्याही डिस्क चालणार नाहीत.

व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी उघड्या बोर्डावर नेऊ नका, तिच्यावर स्थिर विद्युत साठते. ब्लोअर चालेल, पण हातभर अंतरावरून आणि पंख्याचे पाते बोटाने धरून. पाते मोकळे सोडले तर ते गरगर फिरते, वाट्टेल त्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते आणि फिरताना मोटर स्वतःच वीज तयार करून उलटी बोर्डात पाठवते. डब्यातली दाबाची हवा वापरत असाल, तर डबा उभा धरा. तिरका झाला की आतले गारठलेले द्रव बाहेर उडते.

वैदर्भीय

एक गृहिणीचा सल्ला देते. स्क्रू ठेवायला मिसळणाचा रिकामा डबा घ्यावा. सात वाट्या असतात. ज्या क्रमाने उघडले त्या क्रमाने एकेका वाटीत स्क्रू टाकावेत आणि मधली वाटी सर्वांत शेवटी. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू मिसळले आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला, तर तो खालच्या बोर्डात रुतू शकतो. डबा नंतर धुऊन हळदीला परत, पण अल्कोहोलचा वास जाईपर्यंत नाही.

चौकस

धागा वाचून बराच शहाणा झालो. माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे. अजून तापत नाही, पण दोन वर्षे झाली आहेत. त्याचीही पेस्ट वेळीच बदलून घ्यावी काय?

वर्कबेंच

अजिबात नाही. त्याच्या हीट सिंकला हातही लावू नका. त्यात पेस्ट नसून गॅलियमवर आधारित द्रवरूप धातू आहे. कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये कन्सोल उघडून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली, तिच्यात हे स्पष्ट दाखवले आहे. हा धातू विजेचा वाहक आहे. एक थेंब बाजूच्या जोडणीवर ओघळला की बोर्ड गेला. शिवाय तो अ‍ॅल्युमिनियम खातो, त्यामुळे ज्या हत्याराने किंवा पत्र्याने तो निपटाल तेही खराब होईल.

धूळ काढण्याची सोय मात्र त्यात चांगली आहे. बाजूची पांढरी आवरणे स्क्रू न काढता सरकवून निघतात. आत धूळ जमा होण्यासाठी मुद्दाम ठेवलेले खण आहेत आणि त्यांच्या छिद्रांतून ती व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेता येते. मी वर नळी नको म्हटले ते उघड्या बोर्डासाठी. इथे बोर्ड उघडा नसतो. सहा महिन्यांतून एकदा एवढे केले की तुमचे काम झाले.

सांधा

गॅलियमबद्दल पुस्ती जोडते. तो २९.८ अंशांना वितळतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कणांमध्ये शिरून त्याला बिस्किटासारखे ठिसूळ करतो. प्रयोगशाळेत पाहायला हे फार मजेशीर असते. स्वतःच्या पन्नास हजारांच्या यंत्रात नाही.

शुक्रवारपेठी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. नेमक्या जाडीचे पॅड मिळायला आठवडा गेला. व्हर्नियर मुलीच्या कॉलेजमधल्या मैत्रिणीकडून आणला. पाच ठिकाणी मोजले. सर्व मापे दीड मिलिमीटरपेक्षा बरीच कमी निघाली.

या वेळी सर्व काही सांगितल्याप्रमाणे केले. पेस्ट कार्डाच्या कडेने पसरवली, हीट सिंक टेकवला, पकड आलटून पालटून आवळली. मग कन्सोल सुरू न करताच पुन्हा सोडवला, फक्त ठसा पाहण्यासाठी. पत्नीला हा वेडेपणा वाटला, पण चारही कोपऱ्यांवर सारखा, राखाडी, चौकोनी ठसा पाहून मला दहावीचा निकाल पाहिल्यासारखे वाटले. ती पेस्ट पुसून पुन्हा ताजी लावली, कारण एकदा उचललेल्या थरात हवेचे बुडबुडे राहतात, असे सांधा यांनी व्यक्तिगत निरोपात कळवले होते.

काल दुपारी दोन वाजता चाचणी घेतली. मागची हवा मोजण्यासाठी आधी ताप पाहायचा थर्मामीटर धरला, पण तो ४२ च्या पुढे जातच नाही आणि क्षणात टोकाला पोचला. मग शेजाऱ्यांचा थर्मोकपलवाला, म्हणजे तापमान मोजणारी तार असलेला, मल्टिमीटर आणला. खोलीत ३४ अंश होते. पूर्वी ज्या खेळात वीस मिनिटांत सूचना येत असे, तोच खेळ लावला. अर्ध्या तासाने मागची हवा ५१ अंशांवर स्थिरावली आणि दोन तासांनंतरही तिथेच होती. म्हणजे उष्णता आता धातूपर्यंत पोचते आहे. सूचना आली नाही. पंखा ऐकू येतो, पण समालोचकाचा आवाज न वाढवता कळतो.

कपाटाचे काचेचे दार बिजागऱ्यांसह काढून माळ्यावर टाकले आहे. मागच्या फळीत सुताराने कन्सोलच्या रुंदीएवढा चौकोन कापून दिला. कापताना त्याने विचारले की, साहेब, इतके मोठे भोक कशाला, वायरी तर दोनच आहेत. त्याला मागे हात धरून दाखवला.

वर्कबेंच

छान झाले. ५१ हा आकडा, खोलीचे ३४ आणि तारीख कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये तोच खेळ लावून त्याच जागी मोजा. खोली तितकीच असताना हवा बरीच कढत लागली आणि झोत मंदावला, तर फक्त ब्लोअर मारा. हवा गार आणि पंखा जोरात असेल, तरच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.